डॉन्चिच तुमच्या वॉचमननेही उचलला असता? बरं, बघूया

बाकावरचा_सहावा
काल ब्लॉक_पार्टी यांनी एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टबद्दल (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, नंबर म्हणजे त्या निवडीचा क्रम) लिहिलं : "एनबीए ड्राफ्ट आणि मटका यात काडीचा फरक नाही. योकिच एक्केचाळिसावा, ड्रेमंड पस्तिसावा, यानिस पंधरावा. लाखो डॉलर घेऊन खेळाडू हेरणारे हे स्काउट आंधळे आहेत. डॉन्चिच तर आमच्या सोसायटीच्या वॉचमननेही उचलला असता." खाली टाळ्यांचा पाऊस. मला रात्री झोप लागेना, म्हणून लिहितोय.

योकिचला घेतल्याबद्दल डेन्व्हर संघाची आरती ओवाळताना एक गोष्ट सगळेच विसरतात. २०१४ च्या त्याच रात्री डेन्व्हरने ट्रेड (दुसऱ्या संघाशी अदलाबदल) करून सोळाव्या नंबरचा नुर्किच घेतला होता. तोही सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच माणूस, तोही बाल्कनातलाच. वर एकोणिसावा गॅरी हॅरिसही घेतला. म्हणजे हिरा ज्यांच्या पदरात पडला, त्यांनीही आधी दुसरेच दोन खडे वेचले होते. योकिच एमव्हीपी (हंगामातला सर्वोत्तम खेळाडू) होणार हे ठाऊक असतं, तर एक्केचाळिसाव्यापर्यंत कोण कशाला थांबलं असतं? बाकी एकोणतीस संघ आंधळे आणि डेन्व्हर डोळस, असा तो मामला नव्हताच.

शिवाय एकोणीस वर्षांच्या पोराचं निम्मं भवितव्य ड्राफ्टनंतर ठरतं. कवाय २०११ ला पंधरावा गेला. इंडियानाने निवडला आणि जॉर्ज हिलच्या बदल्यात स्पर्सला दिला. तिथे शूटिंग कोच चिप एंगेलंडने त्याचा शॉट अक्षरशः नव्याने बांधला. हा माणूस भेटला नसता तर? आणि ओडनचे गुडघे जाणार हे २००७ मध्ये कुणाला दिसलं होतं? तेव्हा पहिल्या नंबरवर डुरांटऐवजी ओडन घेणं हाच शहाणपणा मानला जात होता. पुढे बिचारा अख्ख्या कारकिर्दीत १०५ सामने खेळला. निकाल लागल्यावर पेपर सोडवायला काय जातंय?

ब्लॉक_पार्टी
निबंध छान आहे. फक्त डॉन्चिचला शीर्षकात बसवून आत एक ओळही दिली नाही. का, ते सांगतो.

इथे निकाल आधीच लागला होता, महाराज! २०१८ चा ड्राफ्ट झाला तेव्हा हा पोरगा एकोणीस वर्षांचा, रिआल माद्रिदकडून युरोलीग (युरोपातली क्लबांची स्पर्धा) जिंकलेला, आणि त्याच युरोलीगचा एमव्हीपी. आदल्या वर्षी स्लोव्हेनियाकडून युरोबास्केटचं सुवर्ण. त्या स्लोव्हेनियाचा कोच कोण? इगोर कोकोश्कोव. आणि २०१८ मध्ये फीनिक्सचा नवा कोच कोण? तोच! घरात माणूस बसलाय ज्याने पोराला आतून-बाहेरून बघितलंय, आणि तरी पहिल्या नंबरवर एटन. मग सॅक्रामेंटोने बॅगली घेतला. अटलांटाने डॉन्चिच घेऊन लगेच डॅलसला दिला. यात कुठले गुडघे आणि कुठलं नशीब?

फॉल्सम_रिटर्न
सॅक्रामेंटोचं नाव निघालं म्हणजे मला बोलावंच लागणार. मी इथे अर्ध्या तासावर राहतो. सॅक्रामेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले, आडनाव हे असं, त्यामुळे आमच्या गणेशोत्सवात लोक मला बॅगलीबद्दल जाब विचारतात, जणू मी त्यांचा चुलतभाऊ. मोदक हातात, आणि प्रश्न काय तर "तुमच्या लोकांनी डॉन्चिच का सोडला हो?" अहो, मी डेटाबेसची कामं करतो!

सलग सोळा हंगाम प्लेऑफ (बाद फेरी) नाही, तेवढं सगळं आम्ही तिकीट काढून बघितलं. पण एक सांगतो. २०२० मध्ये बाराव्या नंबरवर हॅलिबर्टन आम्हीच ओळखला. अकरा संघांनी सोडला होता. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत आम्हीच तो इंडियानाला देऊन टाकला. सबोनिस आला, प्लेऑफही आलं, नाही म्हणत नाही. पण २०२५ ला हॅलिबर्टन इंडियाना पेसर्सना फायनलच्या सातव्या सामन्यापर्यंत घेऊन गेला, आणि मी सोफ्यावर उशी चावत बसलो होतो. निवड चुकली तर निदान स्काउटला शिव्या देता येतात. बरोबर निवडून घालवलं, तर कुणाला द्यायच्या?

(२०१९ ला वरळीच्या डोममध्ये किंग्ज-पेसर्स बघायला मुद्दाम सुट्टी काढून आलो होतो. दोन्ही सामने पेसर्सनी जिंकले. तेव्हाच समजायला हवं होतं.)

मस्तान_तलाव
तुम्ही सगळे मुळावर बोलतच नाही आहात. रोग एकच, उंची. १९८४ ला पोर्टलंडने जॉर्डन सोडून सॅम बोवी घेतला. सात फूट एक इंच, आणि पायाच्या दुखापतीने कॉलेजचे दोन हंगाम आधीच बुडालेले. २००३ ला डेट्रॉइटने डार्को घेतला तेव्हा मागे कार्मेलो, बॉश, वेड उभे. २००९ ला मेम्फिसने थबीट घेतला, हार्डन आणि करी मागे. २०२० ला गोल्डन स्टेटने वाइझमन. सात फुटी माणूस समोर आला की मॅनेजरची बुद्धी गुडघ्यात जाते.

मी नागपाड्याला खेळलोय, पाच फूट नऊ. एकदा एका निवड चाचणीत तीन दिवस मी सगळ्यांना पळवलं. शेवटच्या दिवशी एक सहा फूट चारचा पोरगा आला. त्याला डाव्या हाताने लेअप (बास्केटजवळून टाकायचा साधा शॉट) येत नव्हता. यादीत तो, आणि मी राखीवमध्येही नाही. कोच म्हणाले, "उंची शिकवता येत नाही रे." तीस वर्षं झाली, वाक्य अजून कानात आहे.

सतनाम सिंगचंही तेच. २०१५ ला डॅलसने बावन्नावा घेतला, सात फूट दोन. तो बास्केटबॉलचा निर्णय नव्हताच. सव्वाशे कोटींच्या बाजारपेठेत जर्सी विकायची होती.

फ्रीथ्रो_काकू
मस्तान, तुमचं दुःख कळतं, पण सतनामवर घसरायची गरज नव्हती. पंजाबातल्या बल्लो के गावचं शेतकऱ्याचं पोर, चौदाव्या वर्षी अमेरिकेत अकॅडमीत गेलं. भाषा येत नव्हती. भारतातून ड्राफ्ट झालेला तो पहिला. आणि तुम्ही म्हणता जर्सी!

माझी मुलगी चौदाव्या वर्षी पाच फूट अकरा झाली. तुम्हाला वाटत असेल केवढं भाग्य. पहिल्या दिवसापासून तिला बास्केटखाली खांबासारखी उभी केली. बॉल खाली टेकवला तरी कोच ओरडायचे, "दे, दे, गार्डला दे!" (गार्ड म्हणजे बॉल घेऊन खेळ चालवणारी.) पाच वर्षं. आज ती एकोणीस वर्षांची आहे, तिच्या वयाच्या मुली उंचीत जवळ आल्या, आणि हिला धड ड्रिबल येत नाही, कारण ते कुणी शिकवलंच नाही. बुटक्यांना नाकारतात हे तुम्हाला दिसलं. उंच मुलांना निवडून वाया घालवतात, ते कधी बघितलंत?

मस्तान_तलाव
काकू, निवडून वाया जायला आधी निवड व्हावी लागते. आम्हाला तेवढीही चैन नव्हती. आणि सतनाम एनबीएचा एकही सामना खेळला नाही, पुढे कुस्तीच्या शोमध्ये गेला. मी खोटं काय बोललो?

फ्रीथ्रो_काकू
खेळला नाही ते बरोबर. पण बावन्नाव्या नंबरवर गेलेली बहुतेक पोरं खेळत नाहीत, त्यांना कुणी "जर्सी" म्हणत नाही. आपलाच पोरगा असला की आपण आधी हसून घेतो.

ब्लॉक_पार्टी
काकूंना माझं मत. मस्तान, तुमच्या यादीत हकीम का नाही हो? त्याच १९८४ ला जॉर्डनच्या आधी पहिला गेला, सेंटरच होता, आणि ह्यूस्टनला त्याचा एक दिवसही पश्चात्ताप झाला नसेल. वेम्बन्यामाचं काय? सोयीचे सात फुटी तेवढे मोजायचे?

मस्तान_तलाव
तुम्ही कालपर्यंत स्काउट आंधळे म्हणत होतात. आज त्यांची वकिली करताय. ठरवा एकदा.

बाकावरचा_सहावा
मंडळी, धागा माझा आहे, आठवण करून देतो. मुलांच्या उंच्या मोजून झाल्या असतील तर मुद्द्यावर येऊ.

ब्लॉक_पार्टी, डॉन्चिच तुमचा. घ्या. कोकोश्कोवचं माझ्या डोक्यातून पार गेलं होतं आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणतो की एटनला घेऊनही फीनिक्स २०२१ ची फायनल खेळलं, म्हणजे अगदीच दिवाळं निघालं नाही. पण गोल्डन स्टेट बघा. करी सातवा, क्ले अकरावा, ड्रेमंड पस्तिसावा, सगळे त्यांनीच शोधले. मटका असता तर एकाच घरी तीनदा आकडा लागला असता का?

ब्लॉक_पार्टी
आणि त्याच घराने २०२० मध्ये दुसऱ्या नंबरवर वाइझमन घेतला, लामेलो आणि हॅलिबर्टन सोडून. तेव्हा डोळे कुठे गेले होते? करीचं म्हणाल, तर मिनेसोटाने पाचवा आणि सहावा असे लागोपाठ दोन गार्ड घेतले, रुबियो आणि फ्लिन, म्हणून तो सातव्यापर्यंत पोचला. शेजाऱ्याच्या मूर्खपणाला तुम्ही दूरदृष्टी म्हणता.

तरी बरं, कवायच्या शॉटचं पटलं. अर्धं. वॉचमनबद्दलचं वाक्य मागे घेतो, कारण काल रात्री त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, एटन घेतला असता.

फॉल्सम_रिटर्न
😂 त्याला सॅक्रामेंटोला पाठवा, इथे जागा असते.

ब्लॉक_पार्टी
मटक्याचं मात्र मागे घेत नाही. डॅलसने २०२५ च्या फेब्रुवारीत डॉन्चिच लेकर्सना देऊन टाकला, अख्ख्या जगाच्या शिव्या खाल्ल्या. मे महिन्यात लॉटरीत (ड्राफ्टचा क्रम ठरवणारी सोडत) पहिल्या नंबरची शक्यता १.८ टक्के. लागली! कूपर फ्लॅग घरपोच. आता सांगा, यात कुठल्या स्काउटने काय केलं?

बाकावरचा_सहावा
लॉटरी वेगळी, ड्राफ्ट वेगळा. हे मी चौथ्यांदा लिहितोय.

ब्लॉक_पार्टी
पहिल्यांदाच लिहिलंत. वर जाऊन बघा.

फ्रीथ्रो_काकू
तुमचं चालू द्या. ठाण्याच्या आसपास एकोणीस वर्षांच्या मुलीला गार्डचं काम पहिल्यापासून शिकवेल असं कुणी आहे का?

मस्तान_तलाव
ठाण्याचं माहीत नाही. नागपाड्याला शनिवारी संध्याकाळी सहाला घेऊन या. मी शिकवतो, फी नाही.

फ्रीथ्रो_काकू
येईन. आधी ते जर्सीचं वाक्य मागे घ्या.

मस्तान_तलाव
नाही घेणार. सहाला या, साडेसहाला कोर्ट मोठ्या पोरांकडे जातं.