जनगणनेत "यांचं कोण करतं?" हा प्रश्न हवा का?

दुपारचा_चहा (धागाकर्ता)

२०११ च्या फेब्रुवारीत जनगणनेच्या बाई आमच्याकडे आल्या तेव्हा मी घरीच होतो. दादाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीवर ताबा नाही. बाईंनी विचारलं, आईने सांगितलं, त्यांनी हालचालीच्या अपंगत्वाचा आकडा टाकला. दादाचं बोलणंही बाहेरच्याला कळत नाही, म्हणजे 'बहुविकलांग' लिहायला हवं होतं, पण ते असो. मग आई. "काम करता?" "नाही." "मग घरकाम लिहिते." दिवसातून चार वेळा जाणत्या माणसाला उचलणारी, भरवणारी, रात्री दोनदा उठून त्याची कूस बदलणारी बाई सरकारदरबारी बिनकामाची ठरली आणि बाई शेजारच्या दाराकडे वळल्या.

आता फेब्रुवारी २०२७ मध्ये पुन्हा माणसं मोजणार. जातही विचारणार, मोबाइलवर भरणार. माझ्या मागण्या दोनच.

पहिली, अपंगत्वाचं नाव विचारू नका, अडचण विचारा. २०११ ला देशात २.६८ कोटी अपंग निघाले, म्हणजे २.२१ टक्के. जागतिक आरोग्य संघटना जगाचा आकडा १६ टक्के धरते. आपण काही जगाच्या सातपट धडधाकट नाही, आपला प्रश्नच तसा आहे. वॉशिंग्टन गटाचे (अपंगत्व कसं मोजावं हे ठरवणारा संयुक्त राष्ट्रांचा गट) सहा प्रश्न अनेक देश वापरतात: चष्मा लावूनही दिसायला त्रास होतो का, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, स्वतःची आंघोळ-कपडे करायला, आपलं म्हणणं दुसऱ्याला समजावायला. उत्तरं चार, 'काहीच नाही' पासून 'अजिबात जमत नाही' पर्यंत.

दुसरी, जिथे उत्तर 'खूप त्रास' येईल तिथे एकच जास्तीचा प्रश्न: यांचं कोण करतं, आणि दिवसाचे किती तास?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहकाची व्याख्या आहे. पैसे न घेता करणारे आईवडीलही त्यात धरलेत. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेखही आहे. केरळने अंथरुणाला खिळलेल्यांचं करणाऱ्यांना महिना ६०० रुपये देणारी योजना आणली. आपल्याकडे असा भत्ता द्यायचा ठरला तर किती जणांना, हे कुणी सांगेल का?

खडूफळा

२००१ आणि २०११, दोन्ही जनगणना केल्या आहेत मी. शाळा सांभाळून. म्हणून स्पष्ट सांगते, असहमत.

दीडशे घरं होती माझ्याकडे. घरटी पाच माणसं धरा, प्रत्येकी सहा प्रश्न, चार पर्याय. साडेचार हजार उत्तरं फक्त तुमच्या पहिल्या मागणीची. प्रत्यक्षात काय होतं? दुसऱ्या गल्लीपासून गणक दारातूनच विचारतो, "घरात सगळे ठणठणीत ना?" आणि सगळ्यांना 'काहीच नाही' वर बोट ठेवून पुढे. मग तुमचा आकडा २.२१ वरून १.२१ वर आला तर आश्चर्य नको.

अवांतर: आम्हाला चहासुद्धा फार थोड्या घरांत मिळाला.

नमुना_निवड

खडूफळा यांच्याशी सहमत, कारण वेगळं. जनगणना हे या कामाचं हत्यारच नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीने जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये अपंगत्वाची स्वतंत्र पाहणी केली. प्रशिक्षित माणसं, निवांत वेळ. प्रमाण २.२ टक्केच आलं. काळजी घेणारं कोणी आहे का, हेही विचारलं होतं. साधारण ६२ टक्के अपंग व्यक्तींना होतं. वर २०२४ ची वेळ-वापर पाहणी आहे: १५ ते ५९ वयातल्या ४१ टक्के बायका घरातल्या कुणाची ना कुणाची काळजी घेतात, रोज सरासरी १४० मिनिटं. पुरुष २१.४ टक्के, ७४ मिनिटं. आकडे नाहीत म्हणणं बरोबर नाही.

दुपारचा_चहा

त्या १४० मिनिटांत बाळाला पावडर लावणंही आहे आणि दादाला उचलणंही. वेगळं कसं काढणार?

दुसरं, नमुना पाहणी राज्याचा आकडा देते, गावाचा नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आमच्या गावात त्यातून दर वर्षी डबे-बादल्या वाटतात, कारण गावात कोणाला काय लागतं हे कुणाला माहीतच नसतं.

आणि पाहणीतला प्रश्न मंत्रालयाला गुपचूप गाळता येतो. कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत अपंगत्व होतं, सहाव्या फेरीत काढलं. कारण काय दिलं? नमुना सर्वेक्षणाच्या ७६ व्या फेरीचे आकडे आहेत की!

स्पष्टवक्ता

मूळ कल्पनाच पटत नाही. आई मुलाचं करते, सून सासऱ्यांचं करते, याला आपण घर म्हणतो. त्याला 'काळजीवाहक' असं सरकारी लेबल लावून तास मोजायचे? उद्या आईने बिल द्यायचं का? शिवाय घरातली दुखणी मोबाइल ॲपमध्ये भरायची. ती माहिती कुठे फिरेल, याची हमी कोण देतो?

नमुना_निवड

एवढ्यापुरता धागाकर्त्याच्या बाजूने: जनगणना कायदा १९४८ चं कलम १५ वाचा. तुमची नोंद कुणाला पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

खडूफळा

म्हणूनच तिचा त्या घराला उपयोगही शून्य! लोकांना वाटतं सांगितलं की पेन्शन सुरू होईल. पुढे त्यांनाच ओळखपत्रासाठी सिव्हिलला चार हेलपाटे घालावे लागतात. आणि शिव्या कुणाला? मास्तरणीला.

थेम्सकाठी

ब्रिटनमध्ये हा प्रश्न २००१ पासून आहे. 'म्हातारपण किंवा दीर्घ आजारामुळे कुणाला मदत करता का, आठवड्याला किती तास?' असा. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ ला सुमारे ५८ लाख लोक 'हो' म्हणाले, २०२१ ला सुमारे ५० लाख. माणसं कमी झाली असं नाही. प्रश्नाची शब्दरचना बदलली होती आणि मोजणी कोविडच्या मार्चमधली. इतकं ते नाजूक.

माझा अनुभव सांगते. सासूबाईंना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश). फॉर्म भरताना मी आधी 'नाही' वरच खूण केली. नवरा म्हणाला, अगं तू दिवसभर काय करतेस मग? स्पष्टवक्ता यांचं म्हणणं माझ्याही डोक्यात होतं की सून आहे, करणारच. इथे आठवड्याला ३५ तास झाले की भत्त्याला अर्ज करता येतो (त्याला उत्पन्नाच्या अटी आहेतच), पण आधी स्वतःला तसं म्हणवून घ्यावं लागतं. मला दोन वर्षं लागली.

धाकटी

कधी लिहीत नाही, आज लिहिते.

२०११ ला आमच्या दारात बाबांनी "कुणी नाही" सांगितलं. ताई आतल्या खोलीत होती. तिला स्किझोफ्रेनिया. माझं लग्न जमत होतं. फॉर्ममध्ये 'मानसिक आजार' हा रकाना त्याच वर्षी पहिल्यांदा वेगळा आला होता, हे मला खूप नंतर कळलं. तो होता म्हणून बाबांना खोटं बोलावं लागलं, असंही म्हणता येईल.

बाबा गेले. ताईचं आता मी करते, नोकरी सोडून. उद्या गणकाने "घरात कुणाला मानसिक आजार?" विचारलं, सोसायटीच्या जिन्यात, समोरचं दार उघडं असताना, तर मीही कदाचित "नाही" म्हणेन. "ताईंचं कोण करतं?" विचारलं तर सांगेन. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दुपारचा_चहा

धाकटी, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी तो प्रश्न शेपटासारखा मागे जोडला होता.

आमची आई ७८ ची आहे. दादा ५२. असं वय झालेल्या आया तालुक्यात किती, हे कळायला हवं.

अवांतर: इंग्रजांच्या जनगणनेत १९३१ पर्यंत आंधळे, बहिरे-मुके, वेडे, महारोगी मोजत. १९४१ ला बंद झालं. मग १९८१ ला एकदा, १९९१ ला पुन्हा नाही. २००१ ला जावेद आबिदींसारखे कार्यकर्ते मागे लागले म्हणून प्रश्न परत आला. तेव्हा 'जनगणनेचं हे कामच नाही' हे वाक्य जुनंच आहे.

खडूफळा

रात्री विचार केला. तास नकोत, कुणी खरं सांगणार नाही. सहा प्रश्नही माझ्या मते चालणार नाहीत. पण एक होईल. कुटुंबाच्या पत्रकात प्रत्येक माणसाला अनुक्रमांक असतो. ज्याला रोजच्या गोष्टींना मदत लागते त्याच्यासमोर एक रकाना: 'यांचं मुख्यतः कोण करतं, अनुक्रमांक लिहा.' दादांसमोर आईचा आकडा, संपलं. आईचं वय, शिक्षण, काम त्याच पत्रकात भरलेलं असतं, वेगळं विचारायला नको. दोन सेकंदांचं काम. बाहेरचं कुणी करत असेल तर ९९.

दुपारचा_चहा

बाई, दंडवत. माझी दुसरी मागणी अशीच लिहायला हवी होती. सहा प्रश्नांवर मात्र भांडत राहणार.

नमुना_निवड

चाचणी गणना घेतल्याशिवाय हो म्हणणार नाही. आलटूनपालटून करणाऱ्या घरात एकच आकडा कुणाचा?

खडूफळा

तेही खरं. दोन सुना असतील तर आमच्यासमोर उंबऱ्यातच जुंपायची.