विषय: एकच ड्राइव्ह, बाबांचा विंडोज, ताईचा मॅक (तातडीचं)

प्रेषक: राजारामपुरीचा धाकटा
मंडळी, अजून कोल्हापुरातच आहे, रविवारी विमान. ती गणपतीच्या फोटोंची ड्राइव्ह बाबांच्या विंडोजवर झकास चालते. ताईच्या मॅकवर फोटो दिसतात, पण नवीन काही टाकता येत नाही. दोन्हीकडं एकदम वायर जोडून चालेल का?

प्रेषक: अण्णा, शिवाजी पेठ
एकदम दोन वायरी नाहीत. यूएसबी ड्राइव्ह एका वेळी एकाच कॉम्प्युटरची. तुझी एनटीएफएस असणार, म्हणजे विंडोजच्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली. मॅक ती वाचतो, लिहीत नाही. एक्सफॅट करून टाक, ती पद्धत दोघांना चालते, पण फॉरमॅट केलास की सगळं पुसलं जातं, आधी दुसरीकडं उतरवून घे. आणि फॅट३२ ही जुनी पद्धत नको. ४ जीबीच्या वरची फाइल त्यात मावत नाही, किरणोत्सवाचं तुझं लांबलचक शूटिंग तिथंच अडकेल.

प्रेषक: वहिनी
एक्सफॅटला जर्नलिंग, म्हणजे बदलांची आधी नोंद ठेवायची सोय नसते, हे अण्णा सांगायचे राहिले. कॉपी चालू असताना लाइट गेली की फाइल्सचा घोळ. त्यापेक्षा ड्राइव्ह बाबांकडंच राहू दे आणि फोल्डर घरच्या वायफायवर शेअर कर. मग लिहायचं काम विंडोजच करतो, मॅकला एनटीएफएसशी देणंघेणं राहत नाही.

प्रेषक: अण्णा, शिवाजी पेठ
म्हणजे ताईसाठी बाबांचा कॉम्प्युटर दिवसभर चालू? जेवण झालं की मेन स्विच पाडणारे बाबा आहेत ते!

प्रेषक: शाहूपुरीचे काका
लाइटचं राहू द्या, २०१९ च्या पुरात आमच्या भावानं कॉम्प्युटर माळ्यावर नेला आणि ड्राइव्ह खालच्या खणात राहिली. दुसरी कॉपी कुणाकडं आहे का, ते आधी बघा. बाकी ते फोटो मंडळाच्या स्मरणिका समितीकडं होते ना? कोल्हापूरला कसे पोचले?

प्रेषक: राजारामपुरीचा धाकटा
काका, समितीला सांगूनच आणलेत, जुना मेल बघा.
वहिनी, शेअर केलं. मॅकला बाबांचा कॉम्प्युटर दिसतो, पण आत घेत नाही. बाबांनी पासवर्ड ठेवलेलाच नाही, आणि ठेवायला तयारही नाहीत. "माझ्याच घरात मला कुलूप?"

प्रेषक: वहिनी
तिथंच अडलंय. बिनपासवर्डच्या अकाउंटला विंडोज नेटवर्कवरून आत सोडत नाही. बाबांना छळू नकोस. ताईसाठी त्याच कॉम्प्युटरवर वेगळं लोकल अकाउंट काढ आणि त्याला पासवर्ड दे. पिन नव्हे, पासवर्ड; पिन नेटवर्कवर चालत नाही. मग फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्हीकडं त्या अकाउंटला लिहायची परवानगी दे. एकीकडं राहिली तर मॅक परत "वाचा फक्त" म्हणेल. सुरू करताना आता दोन नावं दिसतील, बाबांना आधीच सांग.

प्रेषक: अण्णा, शिवाजी पेठ
एवढ्या वेळात माझं एक्सफॅट होऊन चहासुद्धा झाला असता.

प्रेषक: स्मरणिका समिती
मंडळाच्या फोल्डरला ताईंना फक्त वाचायची परवानगी द्यावी. आणि धाकटे, परत येताना त्याची एक कॉपी पेनड्राइव्हवर आणा. तेवढ्यासाठी एक्सफॅट चालेल.