मदत हवी आहे: घरमालक चेक वेळेवर टाकत नाहीत, एक परत आला

नमस्कार. लेकीच्या अकरावीसाठी गाव सोडून आम्ही लातूरला औसा रोडकडं दोन खोल्यांत राहतो. भाडं ८,५०० रुपये, करारात ५ तारीख. पण ह्यांचा पगार ७ ला होतो, कधी ९ ला. म्हणून मी मालक काकांना १० तारखेचा चेक देते. काका तो कपाटात ठेवून देतात आणि मग दोन-तीन चेक एकदमच बँकेत टाकतात. या खेपेला लेकीची फी भरली होती, खात्यात एका चेकापुरतेच पैसे उरले. दुसरा परत आला, वर बँकेनं दंड कापला.

काका म्हणाले, नोटीस पाठवीन. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले तर चेक न वटल्याचा, म्हणजे १३८ कलमाचा, गुन्हा होत नाही, हे मला कळलंय. तरी मी वाट न बघता दुसऱ्याच दिवशी रोख नेऊन दिले. पण पावती दिली नाही, आणि परत आलेला चेकही त्यांच्याकडंच आहे. त्याचीच धास्ती वाटते. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात पावती देणं मालकाला बंधनकारक आहे, पण लेक तापानं फणफणली तेव्हा काकू रात्रभर उशाशी बसल्या होत्या. त्या घरात कायदा कोणत्या तोंडानं काढू?

तो चेक परत कसा मागावा? करारात ५ ऐवजी १० तारीख करायची तर पुन्हा नोंदणी लागते का? काका फोनवरून पैसे घेत नाहीत. दरमहा थेट त्यांच्या खात्यात टाकायला त्यांना कसं तयार करावं? अनुभव असेल तर कृपया सांगा.