बसून १३८, उभं राहिलं की ११२. मशीन बिघडलंय का?

घाटातला_डायवर
वय ६३. एसटीत डायव्हर होतो, आता घरी दोन म्हशी. सकाळी धार काढून उकिडव्याचा उठलो की डोळ्यांपुढे अंधारी येते, गोठ्यातली मेढ धरावी लागते. पोरानं बीपीचं मशीन पाठवलंय. बसून १३८/८४, ठोके ७२. उभा राहून मिनिटानं ११२/७०, ठोके ७६. तीन दिवस असंच. मिनिटात इतकं उतरतं का? बायको म्हणते, पोटात काही न घालता गोठ्यात जाता, मग काय होणार.

पश्या_७७
माझं मशीन तर टेबलाचंपण बीपी दाखवतं. सेल बदला.

रिटायर्ड_सिस्टर
सेल बदलून काही होणार नाही. दादा, उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटात आणि पायांत उतरतं. सगळ्यांचंच. आपल्याला कळत नाही, कारण मानेत जबड्याखाली जिथे ठोका हाताला लागतो तिथल्या रक्तवाहिनीत, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं असतात. ताण सैल पडला की मेंदूच्या देठाला लगेच कळतं. तो आधी ठोके धिमे ठेवणाऱ्या व्हेगस नर्व्हचा ब्रेक सोडतो, एक-दोन ठोक्यांतच. मग अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे दुसऱ्या नसांकडून हृदयाला जोर आणि रक्तवाहिन्या आवळणं, त्याला काही सेकंद जास्त लागतात. मूत्रपिंडांचं मीठ-पाणी राखायचं काम तर त्याहून सावकाश.

उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० उतरला की आम्ही वॉर्डात लिहून ठेवायचो. तुमचा वरचा २६ उतरलाय. पण मला खटकले ते ठोके. इतकं उतरल्यावर चांगले पंधरा-वीस वाढायला हवेत, तुमचे वाढले चार. शुगर आहे का? गोळ्या कुठल्या?

घाटातला_डायवर
शुगर १४ वर्षं. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन. महिन्याभरापासून लघवी अडते म्हणून प्रोस्टेटची, टॅम्सुलोसिन. अंधारीपण तेव्हापासूनच, आत्ता लिहिताना लक्षात आलं.

रिटायर्ड_सिस्टर
ही प्रोस्टेटची गोळी रक्तवाहिन्याही थोड्या सैल सोडते. आणि जुन्या शुगरनं हृदयाच्या नसा बधिर झाल्या असतील तर ठोके वाढत नाहीत. मेटोप्रोलॉलसारखी ठोके आवरून धरणारी गोळी असती तरी असंच दिसलं असतं, पण ती तुम्हाला नाही. मनानं काही बंद करू नका. पाच मिनिटं आडवं पडून, मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा, ठोक्यांसकट लिहा, तो कागद डॉक्टरांना दाखवा. तोवर धार झाली की आधी पायाच्या पोटऱ्या आवळा-सोडा, मग उठा.

घाटातला_डायवर
दाखवला. डॉक्टरांनी गोळी बदलली, पायांच्या नसांची तपासणी लिहून दिली. आज आडवा पडून १३४, उभा राहून तिसऱ्या मिनिटाला १२२. ठोके अजून ७७च्या वर जात नाहीत. मेढ धरतोच.