दिवाळी अंक चौघींत मिळून वाचावेत की प्रत्येकीने आपापले विकत घ्यावेत?

मूळ मत
दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अंकांचे गठ्ठे दिसू लागले की सगळेच हवेसे वाटतात, आणि सवलतीत घेतलेल्या संचातले निम्मे अंक पुढच्या पावसाळ्यात न उघडताच रद्दीत जातात. म्हणून आम्ही चौघी मैत्रिणींनी एक रीत पाडून घेतली आहे. दुकानात उभ्याने अनुक्रमणिका वाचायची, जिचे मन ज्या अंकावर बसेल तिने तेवढाच घ्यायचा आणि पुढे दर पंधरवड्याला एकीच्या घरी चहा-चिवड्याबरोबर अदलाबदल करायची. समासात पेन्सिलीने लिहायला मुभा असते; त्यामुळे अंक चौथीच्या हाती पोचतो तेव्हा कथेइतकेच तिच्या कडेचे वादही वाचनीय झालेले असतात. घेतलेला अंक पुरता वाचला जावा, हीच माझी खरेदीची कसोटी आहे.

प्रतिसाद १ (असहमत)
तुमच्या बैठकीचा आनंद मला समजतो, पण त्याची झळ कोणाला बसते याचा विचार या मांडणीत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून रुजलेली ही परंपरा विक्री आणि जाहिराती यांच्या आधारावर टिकून आहे. जाहिरातदार खप पाहूनच पान घेतो. म्हणजे एका प्रतीवर चौघींनी भागवले तर संपादकाला दोन्हीकडून फटका बसतो. लेखकांचे मानधन, मुखपृष्ठ, मुद्रितशोधन, कागद, छपाई हा सारा खर्च दिवाळीच्या आगेमागे होणाऱ्या विक्रीतूनच भरून निघायचा असतो, कारण नंतर त्या अंकाला कोणी विचारत नाही. एका वेळच्या बाहेरच्या जेवणाला आपण जे पैसे सहज मोजतो, त्यांत दोन-तीन अंक येतात. तिथे सढळ आणि इथे काटकसरी असणे मला पटत नाही.

मूळ मत मांडणारीचे उत्तर
आमच्यातल्या दोघी पूर्वी एकही अंक विकत घेत नव्हत्या. या बैठकीमुळे त्या ग्राहक झाल्या, हेही हिशोबात धरावे. शिवाय संचात चांगल्या अंकाबरोबर सुमार अंकही खपत असेल, तर जीव ओतून काम करणाऱ्या संपादकाच्या कष्टांची कदर आपण कशी करणार?

प्रतिसाद २
मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे, आणि आजही गावोगावची वाचनालये दिवाळी अंकांसाठी वेगळी वर्गणी घेऊन ते सभासदांमध्ये फिरवतात. ज्याच्या भोवती मैत्रिणींचे कोंडाळे नाही आणि ज्याला संच परवडत नाही, अशा एकट्या निवृत्त माणसाला वाचनालयाच्या टेबलाशीच अंकही भेटतो आणि त्यावर बोलणारा माणूसही. पैसे वाचवायचेच असतील, तर निदान वर्गणी तरी तिथे भरावी.

प्रतिसाद १ (पुन्हा)
वाचनालयाचा मुद्दा मला मान्य आहे, कारण तिथे अंकाची प्रत विकतच घेतली जाते. मात्र अनुक्रमणिका पाहून निवड करण्याला माझा विरोध कायम आहे. उभ्याने यादी चाळताना डोळा ओळखीच्या नावांवरच थांबतो, आणि ज्याची पहिलीच कथा त्या अंकात आली आहे, त्या नवोदितासाठी तो अंक कोणी उचलत नाही.