क्लोरहेक्सिडीन झालं, आता पुढे काय? पानांच्या अर्काने चूळ भरणाऱ्यांनो, सल्ला द्या

झोपाळू_दुपार

नमस्कार मंडळी. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं म्हणून मागच्या महिन्यात स्केलिंग करून घेतलं, म्हणजे दातांवर साचलेला कडक थर डॉक्टरांकडून खरवडून घेतला. सोबत दोन आठवड्यांसाठी ०.२ टक्के क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दिलं होतं. रक्त थांबलं. पण दहाव्या दिवशी आरशात बघते तर खालच्या पुढच्या दातांच्या फटींत तपकिरी रेघा, आणि जीभ अशी बधिर की जेवणात मीठ आहे की नाही तेच कळेना! डॉक्टर म्हणाले, डाग निघतात, चवही परत येते. तसंच झालं. तरी त्या बाटलीला पुन्हा हात लावायची इच्छा नाही.

म्हणून पानांच्या अर्कांबद्दल वाचायला बसले आणि होतं नव्हतं ते डोकं गेलं. कडुनिंब, तुळस, पेरू, आंबा, ग्रीन टी, निलगिरी... प्रत्येक पानाखाली ‘जंतुनाशक’ लिहिलेलं आहेच. जंतुनाशक नाही असं एखादं पान तरी आहे का जगात?

कोणी खरंच नियमित वापरतं का? कुठलं पान, काढा कसा करायचा, किती दिवस? आणि याने दातांना काही अपाय तर होत नाही ना? ‘आमच्याकडे सगळे वापरतात’ याच्या पुढचं काही असेल तर फार बरं.

हिरवा_मारवा

मी पेरूवाली. आठ-दहा कोवळी पानं धुवून, चुरगळून दोन कप पाण्यात टाकते, एक कप उरेपर्यंत उकळते, गाळून गार करते. रात्री ब्रश झाल्यावर एक मोठा घोट तोंडात घेऊन मिनिटभर खळखळवते. चव तुरट, पण कडुनिंबासारखी तोंड वाकडं करायला लावणारी नाही. चूळ टाकल्यावर जीभ दातांवरून फिरवली की दात धुतलेल्या काचेसारखे करकरीत लागतात. दोन वर्षं अधूनमधून चालू आहे. हिरड्या छान आहेत.

झोपाळू_दुपार

अधूनमधून म्हणजे?

हिरवा_मारवा

म्हणजे आठवेल तेव्हा. :)

पेट्रीडिश

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे थोडं लांबेल. सांभाळून घ्या.

‘असं एखादं पान आहे का’ हा प्रश्न तुम्ही गमतीत विचारलात, पण मुद्दा तोच आहे. झाडाला पळून जाता येत नाही. बुरशी, जिवाणू, किडे यांच्याशी जागेवरच लढायचं तर पानात काहीतरी कडू, तुरट, उग्र साठवावं लागतं. टॅनिन, फ्लेव्होनॉइड, सुगंधी तेलं ही सगळी त्याच कामाची. त्यामुळे जवळजवळ कुठल्याही पानाचा दाट अर्क काढून जिवाणूंवर टाकलात तर काही ना काही मरतंच.

आता ते मरताना कसं दिसतं ते सांगतो. काचेच्या बशीत अगारचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या पदार्थाचा थर असतो, त्यावर स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स पसरवतात. दात किडवणाऱ्यांतला हा मुख्य गडी, १९२४ साली क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून शोधलेला. अगारला छोटी भोकं पाडून त्यात अर्क भरतात आणि बशी ३७ अंशाला रात्रभर ठेवतात. सकाळी सगळीकडे दुधट साय धरलेली असते आणि भोकाभोवती स्वच्छ वलय. पट्टी लावून ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. ‘या पानाने जंतू मरतात’ या वाक्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

त्यात खाचाखोचा किती! अर्क इथेनॉलमध्ये काढला असेल तर एका भोकात नुसतं इथेनॉल भरून बघावंच लागतं. एका विद्यार्थ्याची अर्काची वलयं बघून आम्ही खूश झालो होतो, आणि मग शेजारच्या नुसत्या इथेनॉलच्या भोकाभोवतीही तेवढंच वलय निघालं. शिवाय मोठं वलय म्हणजे जास्त ताकद असंही नाही. जो रेणू अगारमधून भराभर पसरतो त्याचं वलय मोठं. टॅनिनसारखे जाडे रेणू जागचे हलत नाहीत, मग ते बशीत उगाच नापास होतात.

तोंडाची गोष्ट तर वेगळीच. बशीत अर्क जिवाणूंना १८ ते २४ तास चिकटून असतो. तोंडात तुम्ही त्याला देता मिनिट, आणि मग लाळ त्याला धुवून नेते. शिवाय दातावरचे जिवाणू सुटे फिरत नसतात. साखरेपासून ते स्वतःच चिकट गोंद बनवतात आणि त्यात थरावर थर रचून राहतात. तोच प्लाक. आतल्या जिवाणूंना मारायला सुट्या जिवाणूंपेक्षा कित्येक पट, कधी शेकडो पट दाट औषध लागतं. भिंगांतून जिवाणू पाहणारा डच संशोधक लेव्हेनहूक, त्याला हे १६८०च्या दशकातच दिसलं होतं. दातांवरचा थर खरवडून त्याने भिंगाखाली वळवळणारे जीव पाहिले, दातांना व्हिनेगर लावून पाहिलं, आणि नोंद केली की व्हिनेगरने थराच्या बाहेरचे तेवढे मेले, आतपर्यंत ते पोचलंच नाही. साडेतीनशे वर्षं होत आली, चूळ भरणाऱ्याची अडचण तीच आहे.

क्लोरहेक्सिडीन इथेच बाजी मारतं. त्याच्या रेणूवर धनभार असतो, तो दाताला आणि तोंडातल्या त्वचेला चिकटून बसतो आणि तासन्‌तास हळूहळू सुटत राहतो. तुमचे डाग त्या चिकटपणाचेच. खाण्यापिण्यातले रंगही तो सोबत धरून ठेवतो.

मग पानं निरुपयोगी का? नाही. ग्रीन टीमधले कॅटेचिन जिवाणू मारण्यापेक्षा त्यांचा गोंद बनवणारं विकर (एन्झाइम) अडवतात, असं प्रयोगशाळेत चांगलं दिसलंय. मला हे जास्त पटतं. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू असतात आणि सगळेच काही शत्रू नसतात. सरसकट कत्तलीपेक्षा चिकटण्याचं साधन काढून घेतलेलं बरं.

निमित्तमात्र

पेट्रीडिश, मस्त प्रतिसाद. म्हणजे आजवरच्या माझ्या कडुनिंबाच्या चुळा पाण्यात?

पेट्रीडिश

शब्दशः पाण्यातच. :) पण गंमत सोडा, कडुनिंबाच्या माउथवॉशच्या माणसांवरच्या चाचण्या झालेल्या आहेत आणि काहींत प्लाक, हिरड्यांची सूज कमी झालेली दिसते, कधी क्लोरहेक्सिडीनच्या जवळपास. पण बहुतेक चाचण्या छोट्या, काही आठवड्यांच्या आणि ठरावीक तीव्रतेच्या तयार अर्काच्या. घरच्या काढ्यात आज किती उतरलं, उद्या किती, कोण मोजणार?

दाढदुखे_काका

माझी चूक सांगतो, कोणी करू नका. दाढ ठणकत होती. लवंगेच्या पानांच्या तेलाची बाटली घरात होती. नैसर्गिकच आहे म्हणून कापसाचा बोळा त्यात बुडवून थेट दाढेशी दाबून झोपलो. ठणका थांबला खरा. सकाळी गालाच्या आत पांढरी पडलेली कातडी, हात लावला की सोलून येत होती. आठवडाभर गार दूधभात. त्या तेलात युजेनॉल खच्चून असतं, ते बधिरही करतं आणि भाजतंही. तुळशीच्या तेलातही युजेनॉल असतं म्हणे. काढा वेगळा आणि तेल वेगळं, एवढं लक्षात ठेवा. दाढेत शेवटी पू निघाला, रूट कॅनालच करावं लागलं. तेलामुळे दुखणं दबलं आणि मी चार दिवस उशिरा गेलो.

कवळी_नको

दातांची डॉक्टर आहे. काकांचा प्रतिसाद दोनदा वाचा.

झोपाळू_दुपार, तुम्हाला आधी एक प्रतिप्रश्न. रक्त थांबलं ते कशामुळे, माउथवॉशमुळे की स्केलिंगमुळे? प्लाक काही दिवस तसाच राहिला की लाळेतल्या क्षारांनी दगड होतो, त्याला आपण कीटण म्हणतो. कीटण कुठल्याही चुळीने विरघळत नाही, ना औषधी ना वनस्पतींच्या. ते खरवडूनच काढावं लागतं. तुमचं ते निघालं आहे, म्हणजे निम्मी लढाई झाली आहे.

१९६५ साली हिरड्यांचे संशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासायचं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर थोड्याच दिवसांत पूर्ववत! कुठल्याही चुळीशिवाय. म्हणून माझ्या यादीत पहिला ब्रश, दुसरा दातांच्या फटीतला ब्रश किंवा फ्लॉस, आणि मग बऱ्याच अंतराने चूळ. थर हलवून मोडला की उरलेल्यावर पानांच्या पाण्याचा निदान काही परिणाम होण्याची शक्यता असते. आख्ख्या थरावर ते ओतणं म्हणजे मळलेल्या कढईवर नुसतं अत्तर शिंपडणं.

पानं वापरायचीच असतील तर माझी हरकत नाही. काही गोष्टी मात्र सांभाळा. फ्लोराइडची पेस्ट सोडू नका, कीड रोखायचं काम पान करत नाही. रात्री पेस्टचा फेस थुंकल्यावर लगेच चूळ भरलीत तर फ्लोराइड धुवून जातं, म्हणून चुळीची वेळ वेगळी ठेवा, दुपारी जेवणानंतर वगैरे. (मारवा, हे तुमच्यासाठीही.) काढ्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालायचा मोह आवरा. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. ५.५ च्या खाली पीएच गेला की दातांचं कवच विरघळू लागतं, आणि लिंबाचा रस २ ते ३ च्या आसपास असतो. आणि पुन्हा कधी क्लोरहेक्सिडीन घ्यावं लागलंच तर पेस्टनंतर अर्धा तास थांबा. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या रसायनाने त्याची ताकद कमी होते.

हिरवा_मारवा, करकरीत लागतं ते टॅनिनमुळे. लाळेतली प्रथिनं त्याला चिकटून गोळा होतात, तोंडातला बुळबुळीतपणा जातो. स्वच्छ वाटतं, पण वाटणं आणि असणं यात फरक आहे. प्लाक दाखवणारी रंगाची गोळी एकदा चावून बघा.

हिरवा_मारवा

चावली. हसू नका. खालच्या दातांची आतली बाजू अख्खी जांभळी. :(

दोनदाती

माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला कडुनिंबाच्या पानांच्या पाण्याने चूळ भरायला लावू का? आजी मागे लागल्यात.

कवळी_नको

नको. सहा वर्षांखालची मुलं चूळ थुंकण्याऐवजी गिळतात, मग ती कशाचीही असो. आजींना सांगा, त्याला मांडीवर घेऊन स्वतः ब्रश करून द्या, त्याचा उपयोग सगळ्यात जास्त. आणि कडुनिंबाचं तेल, म्हणजे बियांचं, लहान मुलांच्या पोटात थेंबभरही जाऊ देऊ नका. त्याने उलट्या, झटके, मेंदूला सूज असे गंभीर प्रकार झालेले आहेत. गरोदर बायकांनीही कडुनिंब पोटात जाईल असं काही करू नये.

पेट्रीडिश

अजून एक. पाला स्वतः तोडणार असाल तर झाड नीट ओळखा. बकाण निंब दिसायला कडुनिंबाच्या जवळचा, पण त्याची फळं विषारी असतात. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं, करवतीच्या दात्यांची तिरकी पत्ती. बकाण्याचं दोनदा-तीनदा विभागलेलं.

आणि उकळण्याबद्दल. पेरू, आंबा यांच्यातले टॅनिन आणि फ्लेव्होनॉइड पाण्यात उतरतात, तिथे उकळणं ठीक. तुळस, पुदिना, निलगिरी यांचा जो काही असर आहे तो वासाच्या तेलात. उघड्या भांड्यात उकळलंत तर स्वयंपाकघर निर्जंतुक होईल, तोंड नाही. गरम पाण्यात टाकून झाकण ठेवा, दहा मिनिटांनी गाळा. कुठलाही काढा फ्रीजमध्ये एक दिवस, फार तर दोन. वरती साय किंवा तार दिसली तर ती आमच्या बशीतली मंडळी तुमच्याकडे राहायला आली आहेत असं समजा.

झोपाळू_दुपार

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय.

फटीतला ब्रश घेतला, अगदी बारीक आकाराचा. पहिले चार दिवस तो बाहेर काढला की गुलाबी. आता पांढराच निघतो. दुपारी पेरूच्या पानांची चूळ, बिनसाखरेची. (हो, कोणीतरी मध घालायला सांगितला होता. कुणाला सांगू!) तोंडाला सकाळी येणारा वासही कमी आहे. पण त्याच आठवड्यात पट्टीने जीभ खरवडायलाही सुरुवात केली होती, तेव्हा श्रेय पेरूला द्यावं की पट्टीला ते कळत नाही. आणि ज्या मगमध्ये काढा ठेवते त्याच्या आत तपकिरी कडं धरलंय, घासूनही जात नाही. दातांचंही हेच होणार का?

कवळी_नको

टॅनिनचे डाग पडू शकतात, हो. काढा पातळ करा, नंतर साध्या पाण्याने तोंड धुवा. पडलेच तर पॉलिशिंगने जातात, घाबरू नका. जिभेच्या पट्टीला श्रेय द्यायला माझी हरकत नाही. गंधकाची दुर्गंधी सोडणारे जिवाणू जिभेच्या मागच्या भागात दडलेले असतात, तिथे चूळ धड पोचत नाही.

पेट्रीडिश

एकदम तीन गोष्टी बदलल्यात, आता कुठली चालली ते कोण सांगणार? दोन आठवडे पेरू बंद ठेवा, ब्रश आणि पट्टी तशीच चालू. रोज रात्री फटीच्या ब्रशचा रंग लिहून ठेवा.

झोपाळू_दुपार

चालेल. उरलेला काढा कुंडीत ओतला. वहीत आजची नोंद: पांढरा, उजवीकडच्या शेवटच्या दाढेपाशी किंचित गुलाबी.

कवळी_नको

त्या दाढेचं पुढच्या भेटीत आठवणीने दाखवा. तिथे एकाच जागी परत परत गुलाबी येत असेल तर हिरडीत खिसा, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यात खोल फट, पडलेला असू शकतो, आणि तिथे ना पान पोचतं ना तुमचा ब्रश.