क्षयरोगाचं उदाहरण बघा
संगणक आल्यापासून डॉक्टर पेशंटऐवजी स्क्रीनकडेच बघतात, असं म्हणतात आणि ते काही ठिकाणी खरं आहे. पण क्षयरोगाचं बघा. धारावीत, गोवंडीत उपचार सुरू झालेला माणूस काम सुटलं की गावी जातो. पूर्वी केसपेपर हरवला की पत्ताच लागायचा नाही, आणि अर्धवट औषधांनी आजार चिवट व्हायचा. २०१२ पासून 'निक्षय' या क्षयरोग्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंद होते. गावाकडच्या आरोग्य केंद्रात पेशंटचा आयडी टाकला की कुठली औषधं, कितवा महिना, थुंकीचा रिपोर्ट काय, सगळं दिसतं आणि उपचार तिथून पुढे चालू राहतात. पोषणाचे महिना १,००० रुपयेही (आधी ५०० होते) थेट खात्यात जमा होतात. मात्र नोंदीसाठी वेगळा माणूस द्यायलाच हवा. आरोग्यसेविकांनी दिवसभर घरं फिरायची आणि रात्री मोबाइलवर तीच माहिती पुन्हा भरायची, हे थांबलं पाहिजे.